तीन टक्के बांगडा

ऑफिसात तिला सगळे बांगडेबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं आणि तिची काही हरकतही नव्हती. सोळा वर्षं ती एकाच माशाचा हिशेब ठेवत होती. कोळंबीवाले आले, बदलून गेले. ट्यूनावाल्याने तर नोकरीच सोडली. बांगडा मात्र जो तिच्या टेबलावर आला तो तिथेच राहिला.

काम तसं सरळ होतं. एका समुद्राच्या काठी नऊ देश, आणि नऊही देश बांगडा पकडत. दरवर्षी दुसरा महिना सरायच्या आत प्रत्येकाने आपलं गेल्या वर्षीचं उत्पादन कळवायचं. बांगडेबाईने ते एका तक्त्यात मांडायचं, नऊ देशांच्या नऊ रेषा काढायच्या आणि सगळ्यांना परत पाठवायच्या. मग पाचव्या महिन्यात नऊही देशांची माणसं एकत्र बसत आणि त्या रेषांकडे बघून पुढच्या वर्षी कोणी किती मासा पकडायचा ते ठरवत. तिच्या स्वतःच्या देशाचे आकडेही तीच गोळा करी. सतरा बंदरांतून ते परस्पर संगणकात यायचे. ती बसायची तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून बसगाड्यांचा डेपो दिसे. समुद्र बघायचा तर गच्चीवर जावं लागे, आणि गच्चीला कुलूप असे.

त्या वर्षी रेषा काढून झाल्या तेव्हा साहेब स्वतः तिच्या टेबलापाशी आले. पाच देशांचा बांगडा घसरला होता, तीन देश जेमतेम होते तिथेच होते, आणि आपल्या देशाची रेषा सलग नवव्या वर्षी वर चढली होती.

"बघा बाई," साहेब म्हणाले, "सगळ्यांचं घसरतंय आणि आपलं चढतंय. याला म्हणतात व्यवस्थापन."

साहेबांचा आनंद समजण्यासारखा होता. नऊ देशांच्या समितीचं अध्यक्षपद यंदा रिकामं होणार होतं आणि साहेबांचं नाव पुढे होतं. बांगडेबाईलाही बरं वाटलं. नाही म्हटलं तरी रेषा तिनेच काढलेली होती.

तिचं घर दोन मजली होतं. वर ती, नवरा आणि नऊ वर्षांची मुलगी. खाली सासूबाई, दीर आणि जाऊ. नवरा कवळ्या बनवायचा. मागच्या खोलीत त्याचे प्लास्टरचे साचे मांडलेले असत आणि घरभर पांढरी भुकटी पसरे. दीर बोटीवर कप्तान होता. स्वतःची बोट, अकरा खलाशी, आणि बांगड्यावरच सगळं चालायचं. रविवारी सगळे खाली एकत्र जेवत.

त्या रविवारी दीर उशिरा आला, हात धुतले आणि न बोलता जेवायला बसला. सासूबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाला, "काय सांगू आई. पूर्वी दोन दिवसांत बोट भरायची. आता पाच दिवस फिरतोय तरी अर्धीच. आणि मासा तरी कसला, बोटाएवढा!"

"पण भाऊजी," बांगडेबाई म्हणाली, "आपलं उत्पादन तर वाढतंय. परवाच तक्ता केला मी."

दीर खो खो हसत सुटला. "कुठे वाढतंय वहिनी? तुमच्या कागदात? मग एकदा तिथेच जाळं टाकून बघतो."

सगळे हसले. तीही हसली. पण पानावरून उठल्यावरही ते बोलणं तिच्या मनातून जाईना. दीर थट्टेखोर होता, पण खोटारडा नव्हता.

सोमवारी ऑफिसात गेल्यागेल्या तिने एकूण आकडा बाजूला ठेवला आणि बंदरवार तक्ता उघडला. खरं तर हा तक्ता दरवर्षी तयार होई, पण तो बघायची वेळ कोणावर येत नसे. सगळ्यांना हवा असे तो शेवटचा एकच आकडा. तिने एकेका बंदराची दरवर्षीची वाढ काढली. आठ बंदरं खाली-वर, खाली-वर करत खालीच चालली होती. उरलेली नऊ बंदरं, आणि त्यांत मोठी सगळी आली, गेली कित्येक वर्षं बरोब्बर तीन टक्क्यांनी वाढत होती. वादळाच्या वर्षीही तीन. डिझेल मिळत नव्हतं म्हणून महिनाभर बोटी उभ्या होत्या, त्या वर्षीही तीन.

समुद्र असा वागत नाही, एवढं सोळा वर्षांत तिला कळलं होतं.

दोन दिवसांची रजा टाकून ती त्या नवांपैकी सगळ्यांत जवळच्या बंदरावर गेली. बसने दोन तास लागले. धक्क्यावर नेहमीचीच गडबड होती. बर्फाच्या गाड्या, रिकाम्या क्रेट्सच्या उतरंडी, रबरी बूट घातलेली माणसं. मासे मोजणाऱ्या सरकारी नोंदणीवाल्याची खोली तिला लगेच सापडली. दारावर पाटी होती, दाराला कुलूप नव्हतं. आत छतापर्यंत क्रेट्स रचलेल्या होत्या.

शेजारी मोठा काटा होता आणि काट्यापाशी एक म्हातारा काटेवाला चहा पीत बसला होता.

"नोंदणीवाले कुठे भेटतील?" तिने विचारलं.

"ते? ते निवृत्त होऊन सात वर्षं झाली की."

"आणि त्यांच्या जागेवर?"

"कोणी आलंच नाही."

"मग इथले आकडे कोण पाठवतं आम्हाला?"

काटेवाल्याने कप खाली ठेवला. "मला काय विचारता बाई? मला वाटायचं, तुमचे तुम्हीच करता."

तिने समोरच्या क्रेटमधला एक बांगडा उचलून पर्समधली मोजपट्टी लावली. एकोणीस सेंटिमीटर. दुसरा अठरा. तिने नोकरी धरली त्या वर्षी याच धक्क्यावर सरासरी सव्वीस भरली होती. एवढ्या लहान बांगड्याने आयुष्यात एकदाही अंडी घातलेली नसतात. तिने वीस मासे मोजले.

"पूर्वी दिवसाला किती उतरायचा इथे?" तिने विचारलं.

"पूर्वीचं सोडा. आता बघा, हे एवढंच." त्याने धक्क्यावर हात फिरवून दाखवला. "पण माझ्याकडे वही आहे. काट्यावर आलेलं प्रत्येक वजन मी लिहितो. कोणी मागितली नाही कधी, पण सवय आहे."

ती वही तिने तिथेच उभ्याने वाचली. तिच्या तक्त्यात त्या बंदराचा बांगडा चौदा हजार टन होता. वहीत सहा हजारही भरत नव्हता.

परत आल्यावर ती तळमजल्यावरच्या संगणकवाल्याकडे गेली. तो सदा घाईत असे, पण कोडं म्हटलं की त्याच्या अंगात यायचं. त्याने जुनी व्यवस्था उघडली, बराच वेळ खाली खाली जात राहिला, आणि म्हणाला, "सापडलं. इथे नियम टाकलाय. बंदराकडून आकडा आला नाही तर गेल्या वर्षीचा आकडा घ्या आणि त्यात तीन टक्के मिळवा."

"कोणी टाकलाय?"

संगणकवाल्याने खुर्ची थोडी बाजूला सरकवून तिला बघू दिलं. नाव तिचं होतं. तारीख नऊ वर्षांपूर्वीची.

तारीख वाचली आणि तिला सगळं आठवलं. दुसऱ्या दिवसापासून ती बाळंतपणाच्या रजेवर जाणार होती. तीन बंदरांचे आकडे यायचे होते, पाय सुजले होते, साहेब दर दहा मिनिटांनी डोकावत होते. "तात्पुरतं काहीतरी टाका हो," साहेब म्हणाले होते, "या बंदरांचं मागची तीन वर्षं तीन-तीन टक्क्यांनी वाढतंय ना, तेच धरा. आल्यावर बदलू." तिने धरलं. सहा महिन्यांनी ती परत आली तेव्हा तिच्या डोक्यात मुलीची झोप, मुलीचं दूध आणि मुलीचा ताप एवढंच होतं. मग एकेक नोंदणीवाला निवृत्त होत गेला, भरती बंद होती, आणि ज्या ज्या बंदराचा आवाज बंद झाला, त्याच्या वतीने तो नियम बोलत राहिला. तीनची चार बंदरं झाली, चारची सहा, सहाची नऊ.

"हे कोणाला सांगू नकोस," ती म्हणाली आणि लगेच म्हणाली, "नाही, तसं नको. मीच सांगते."

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग उठून केबिनचं दार लावलं.

"मी सांगितलं होतं म्हणता तुम्ही. मला आठवत नाही. आणि नाव तर तुमचं आहे."

"हो. नाव माझं आहे."

"बघा बाई, मी तुमच्या भल्याचं सांगतो. आत्ता एकदम आकडा पाडलात तर नऊ देशांसमोर शोभा होईल. त्यापेक्षा दरवर्षी थोडं थोडं उतरवू. पाच टक्के, सात टक्के. कोणाच्या डोळ्यावर येणार नाही. दहा वर्षांत आपण खऱ्यावर येतो."

"दहा वर्षांत मासाच उरायचा नाही, साहेब."

"असं तुम्हाला वाटतं," साहेब म्हणाले आणि टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

खरं सांगायचं तर साहेबांचा मार्ग तिला भुलवत होता. घरी जाताना तिने मनातल्या मनात तो आकडा दहा वर्षांत वाटूनही बघितला. व्यवस्थित बसत होता. कोणालाच काही कळलं नसतं. पण एकोणीस सेंटिमीटरचा मासाही तिनेच मोजलेला होता.

नवरा मागच्या खोलीत एका कवळीचे दात घासत बसला होता. तिने सगळं सांगितल्यावर त्याने यंत्र बंद केलं.

"तू काय करणार ते मला दिसतंय," तो म्हणाला. "एकच कर. भावाला आधी सांग. बाहेरून कळलं तर घरात तोंडं फिरतील."

दीर तिला जिन्यातच भेटला. तिथेच उभ्या उभ्या तिने सांगितलं. सुरुवातीला तो खूश झाला. "बघा! मी म्हणत नव्हतो? मासा नाहीये, नाहीच आहे!" मग हळूहळू पुढचं त्याच्या लक्षात आलं. आकडा पडला की मासेमारी कमी करायला लावणार. बहुतेक काही महिने बंदच.

"थांबा," तो म्हणाला. "म्हणजे चूक तुमची आणि बांधून ठेवायची माझी बोट?"

"हो," ती म्हणाली, "तसंच आहे ते."

दीर खाली गेला आणि त्याने दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर तिला जास्त बरं वाटलं असतं.

पुढचे पाच आठवडे ती बंदरं फिरली. नोंदणीवाले नव्हते, तरी मासा कुठे ना कुठे वजनावर चढलेलाच होता. बर्फाच्या कारखान्यात रोज किती बर्फ गेला याची पानं होती, त्यावरून माशाचा अंदाज निघत होता. मासे डबाबंद करणाऱ्या दोन कारखान्यांनी आपल्या वजनाच्या पावत्या दाखवल्या. तिसऱ्याने हाकलून दिलं. काटेवाल्यांच्या वह्या होत्या, कुठे पेनाने, कुठे खडूने, एके ठिकाणी तर भिंतीवरच. सगळं जमवून तिने पुन्हा बेरीज केली. कळवलेलं उत्पादन होतं एक लाख बेचाळीस हजार टन. खरं निघालं शहाऐंशी हजार, दोन-चार हजार इकडे-तिकडे. आणि वर चढणारी रेषा नऊही वर्षं खालीच जात होती.

तिने चार पानी टिपण लिहिलं. नियम कोणी टाकला या रकान्यात स्वतःचं नाव घातलं. साहेबांनी तिला सांगितलं होतं ते लिहिलं नाही. ते सिद्ध करता येत नव्हतं, आणि नऊ वर्षांत तो नियम काढायला तिला कोणी मनाई केली नव्हती. साहेबांनी टिपणावर सही केली नाही, अडवलंही नाही. बैठकीच्या दिवशी ते रजेवर गेले.

बैठक तळमजल्यावरच्या मोठ्या सभागृहात होती. लांबलचक टेबल, नऊ देशांच्या नऊ पाट्या, प्रत्येकाच्या कानात दुभाष्याचं बोलणं ऐकायचं यंत्र. बांगडेबाई सात मिनिटं बोलली. शेवटचा आकडा सांगितल्यावर दुभाषी मध्येच थांबला आणि आकडा पुन्हा सांगा म्हणाला. ऐकण्यात काही चुकलं असेल असं त्याला वाटलं. तिने पुन्हा सांगितला.

उत्तरेकडच्या शेजारी देशाची प्रतिनिधी, एक धिप्पाड बाई, माइक ओढून म्हणाली, "आमचा मासा घटत होता तेव्हा आम्ही आमच्या मंत्र्यांना सांगत आलो की साठा चांगला आहे, शेजाऱ्यांचं बघा, वाढतंय. तुमचा आकडा दाखवून आम्ही चाळीस बोटी जास्त पाठवल्या. आता मी त्यांना काय सांगू?"

"जे मी सांगितलं तेच," बांगडेबाई म्हणाली.

मग मात्र एकच गलका झाला. दोघांनी चौकशीची मागणी केली. एकाने तुमच्या देशाचा मतदानाचा हक्कच काढून घ्या म्हणून हट्ट धरला. तिच्या शेजारी बसलेला मंत्रालयातला अधिकारी मूग गिळून टेबलाकडे बघत होता. सगळं खापर तिच्यावर फुटणार होतं, आणि तिला ते घरून निघतानाच माहीत होतं.

जेवणाच्या सुट्टीत ती पाणी प्यायला बाहेर आली. तिथे बेटावरच्या देशाचा वयस्कर प्रतिनिधी उभा होता. आठ वर्षं ते दोघं बैठकीत समोरासमोर बसत होते आणि नमस्कारापलीकडे बोलले नव्हते. त्याला तिची भाषा तोडकीमोडकी येत होती.

"आमच्याकडे पण चार बंदरं," तो हळूच म्हणाला. "तिथे माणूस नाही. खूप वर्षं."

"मग आकडा?"

त्याने खांदे उडवले आणि पेन धरल्यासारखी बोटं हवेत हलवली. मग विचारलं, "तुम्ही सुरुवात कुठून केली? बर्फापासून?"

"बर्फापासून आणि काट्यापासून," ती म्हणाली. त्याने ते आपल्या हातरुमालाएवढ्या वहीत लिहून घेतलं.

जेवणानंतर त्याने माइक मागून घेतला आणि आपले आकडे परत तपासायला मुदत मागितली. त्याच्यामागून आणखी एका देशाने मागितली. मग संध्याकाळी निघता निघता त्या धिप्पाड बाईनेही. नऊ रेषांपैकी किती खऱ्या होत्या हे त्या दिवशी कोणालाच सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी ठराव झाला. नऊही देशांनी तीन महिने बांगड्याची मासेमारी बंद ठेवायची आणि उरलेल्या वर्षात नेहमीच्या दोन तृतीयांशच पकडायचा.

चौकशी झाली. बांगडेबाईला लेखी ठपका मिळाला, बढती पाच वर्षं लांबली. टेबल मात्र तेच राहिलं, कारण बांगडा घ्यायला दुसरं कोणी तयार होईना. साहेबांचं अध्यक्षपद हुकलं. त्यांची बदली तलावातल्या माशांच्या खात्यात झाली. तिकडे ते सुखी आहेत असं ऐकू येई. नऊपैकी सहा बंदरांवर नोंदणीवाले नेमले गेले. तिच्या देशाच्या रेषेला एका जागी कड्यासारखा तुटक उतार पडला. नव्याने आलेला प्रत्येकजण तिथे बोट ठेवून विचारी, "इथे काय झालं?" ती सांगे. सांगताना पहिल्या वर्षी तिला लाज वाटायची, पुढे सवय झाली.

घरात मात्र अबोला होता. दिराची बोट तीन महिने बांधलेली राहिली. अकरातले चार खलाशी दुसरीकडे गेले. दीर त्या काळात फेरीबोट चालवायला गेला, प्रवासी आणि सायकली इकडून तिकडे न्यायच्या. तो तिच्याशी एक शब्द बोलत नसे. रविवारचं जेवण चालू होतं, पण ती बसली की त्याचं जेवण आटोपलेलं असे. जाऊ जिन्यात भेटली की म्हणायची, "वेळ द्या हो ताई, डोक्यात राख घालून घेतलीये त्यांनी." सासूबाई दोघांचीही बाजू घेत नसत. पुढच्या वर्षी परत तीन महिने बंदी आली.

दोन वर्षांनी ठरावात नवीन कलम आलं. प्रत्येक कप्तानाने महिन्यातून एकदा पन्नास बांगड्यांचा नमुना ऑफिसात आणून द्यायचा. माशाच्या कानात एक बारीकसं हाड असतं. झाडाच्या बुंध्यात असतात तशी त्यात दरवर्षी एकेक वळी पडते. ती मोजली की माशाचं वय कळतं. हे काम बांगडेबाईकडेच आलं.

पहिलं वर्षभर दीर आपला नमुना खलाशाबरोबर पाठवत राहिला. दुसऱ्या वर्षी एका मंगळवारी सकाळी ती सूक्ष्मदर्शकावर वाकलेली असताना समोर कोणीतरी क्रेट ठेवली. तिने मान वर केली. दीर उभा होता. बर्फाचं पाणी टेबलावर ओघळत होतं.

"पन्नास आहेत," तो म्हणाला. "पावती द्या, मॅडम."

तिने पावती लिहिली. त्याने घेतली, घडी केली, खिशात घातली, पण गेला नाही.

"वय कसं काढता?"

तिने खुर्ची मागे सरकवली. तो वाकला, एक डोळा मिटला, पुन्हा उघडला. बोटीवर दुर्बीण धरणाऱ्या माणसाला नीट दिसायला तसा वेळ लागला नाही.

"दोन वळ्या," तो म्हणाला. "नाही, थांबा. बाहेरची एक धरली तर तीन."

"तीनच. बाहेरची धरायची."

"पाच वर्षांचा निघाला का एखादा?"

"अजून नाही. पण गेल्या वर्षी दोनच्या वर एकही नव्हता."

तो आणखी थोडा वेळ बघत राहिला. मग सरळ झाला आणि रिकामी क्रेट हवी आहे म्हणाला. तिने मासे ट्रेमध्ये ओतून क्रेट त्याच्या हातात दिली. दारापर्यंत जाऊन तो वळला.

"शनिवारी आईचे डोळे दाखवायचेत. मी समुद्रावर असेन. तुम्ही न्याल का वहिनी?"

"नेते की. किती वाजता?"

"दहाची वेळ दिलीये."

"बरं."

तो गेला. तिने टेबलावरचं पाणी फडक्याने टिपलं, पुढचा बांगडा घेतला आणि मोजपट्टीवर ठेवला. बावीस सेंटिमीटर. वहीत लांबी लिहिली, वजन लिहिलं आणि हाड काढायला चिमटा उचलला. अजून एकोणपन्नास बाकी होते.